दिल्लीने कोहलीला सोडलं, त्यात चुकलं काय?

मार्च 2008. क्वालालंपूरला 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकून पोरं नुकतीच परतली होती आणि पहिल्या आयपीएलसाठी त्यांची वाटणी व्हायची होती. मोठ्यांचा लिलाव फेब्रुवारीतच उरकला होता. या मुलांसाठी मात्र बोली नव्हती. मानधन ठरलेलं, आणि संघांनी आळीपाळीने एकेकाचं नाव घ्यायचं. दिल्ली डेअरडेव्हिल्ससमोर दिल्लीचाच विश्वविजेता कर्णधार होता. त्यांनी नाव घेतलं प्रदीप संगवानचं, नजफगडच्या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाचं. विराट कोहली बंगळुरूला गेला.

हा किस्सा दिल्लीत इतका सांगितला गेलाय की आता तो सांगताना सांगणाराच आधी हसतो. मला हसू येत नाही. सेहवाग, गंभीर, धवन, डिव्हिलियर्स, दिलशान, मनोज तिवारी एवढे फलंदाज ज्याच्या घरात आहेत त्याने आणखी एक एकोणीस वर्षांचा फलंदाज कशाला घ्यावा? संगवानने त्याच हंगामात दिल्लीला 16 वर्षांनी रणजी करंडक मिळवून देताना मोठा वाटा उचलला होता. डावखुरा, तरुण, आणि हवेत चेंडू हलवणारा. त्या दिवशी त्या टेबलावर मी असतो तर मीही संगवानच म्हटलं असतं, आणि आजही म्हणेन.

हे मी हेकटपणाने म्हणत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून शिकून मी दिल्लीला आलो आणि निवृत्त होईपर्यंत दिल्ली विद्यापीठाच्या एका कॉलेजात खेळाचा मास्तर होतो. पावसाळ्याच्या तोंडावर, अंगाची लाही होत असताना, स्पोर्ट्स कोट्याच्या ट्रायल व्हायच्या. नेटमध्ये एकामागून एक पोरं. जाळीपलीकडे त्यांचे वडील, काखेत प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल. नोएडाचे, गाझियाबादचे, सोनिपतहून पहाटेची लोकल पकडून आलेले. प्रश्न एकच, ‘सर, आयपीएल तक तो जाएगा ना?’ मी म्हणायचो, आज माझ्याकडे एक सलामीवीर आणि दोन फिरकी गोलंदाजांची जागा आहे, तुमचा मुलगा यष्टिरक्षक आहे. बापाला हे उत्तर टाळाटाळीचं वाटायचं. ते पूर्ण उत्तर होतं.

झालेल्या खेळाला बक्षीस द्यायचं आणि पुढच्या खेळासाठी माणूस निवडायचा, ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण ती सर्रास एकात कालवतो. बक्षिसाचा हिशेब मुलाच्या खात्यावर असतो. निवडीचा हिशेब असतो निवडणाऱ्याच्या खात्यावर: त्याच्याकडे काय कमी आहे, किती पैसे उरलेत, पुढच्या महिन्यात कुठल्या खेळपट्टीवर खेळायचंय.

2012 सालच्या 19 वर्षांखालील विश्वचषकाचंच बघा. अंतिम सामना टाउन्सव्हिलला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. आपला कर्णधार उन्मुक्त चंद नाबाद 111. मालिकावीर ठरला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार विल बोसिस्टो. तो पुढे ऑस्ट्रेलियाकडून कधीच खेळला नाही. आणि 2004 चा मालिकावीर, आमचा दिल्लीचा शिखर धवन, तेव्हा 505 धावा काढूनही कसोटीसाठी 2013 उजाडेपर्यंत थांबला, मग मोहालीला पहिल्याच डावात 187 ठोकून मोकळा झाला. परीक्षकांनी दोन्ही वेळा बक्षीस योग्य माणसालाच दिलं होतं. त्यांना भविष्य कुणी विचारलं नव्हतं.

उन्मुक्तबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण कॉलेजचा खेळाडू म्हणतात तो तोच. सेंट स्टीफन्सचा विद्यार्थी, शाळेत असतानाच रणजी खेळलेला, रेल्वेविरुद्ध 151 काढलेला. विश्वचषकाच्या आगेमागेच हजेरी कमी भरल्याने परीक्षेला बसू न देण्याचं प्रकरण निघालं आणि ते थेट केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्यापर्यंत गेलं. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले होते. इंग्रजीवाले म्हणत, नियम म्हणजे नियम. आम्ही खेळवाले म्हणत, पोरगं देशासाठी खेळतंय. सगळ्या गदारोळात, त्याला पदवी लागेल का, हे कुणीच विचारलं नाही. तो तर पुढचा कोहली, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. शीतपेयाच्या जाहिरातीत तो धोनी-कोहलीच्या शेजारी उभा राहिला. 2013 च्या आयपीएलमधला अगदी पहिला चेंडू, ईडन गार्डन्स, ब्रेट ली, आणि उन्मुक्तची दांडी गुल.

एका चेंडूने कुणी संपत नाही. पण आत येणाऱ्या चेंडूवर तो अडतो हे पुढच्या काही वर्षांत गोलंदाजांना कळलं, आणि दिल्लीच्या संघातलीही जागा डळमळू लागली. 67 प्रथम श्रेणी सामने, 8 शतकं, सरासरी 31 च्या आसपास. हे आकडे वाईट नाहीत. असे आकडे घेऊन रेल्वेत किंवा बँकेत नोकरी करत समाधानाने निवृत्त झालेले कितीतरी जण मला ठाऊक आहेत. फक्त त्यांच्या डोक्यावर एकोणिसाव्या वर्षी कुणी ‘पुढचा कोहली’ची टोपी घातली नव्हती. मुंबईकरांना पृथ्वी शॉचं उदाहरण जवळचं: 2018 चा विश्वविजेता कर्णधार, नोव्हेंबर 2024 च्या जेद्दाच्या लिलावात 75 लाखांनाही कुणी घेईना.

2021 मध्ये उन्मुक्तने भारतातलं क्रिकेट सोडलं आणि अमेरिका गाठली. कॉलेजच्या खेळाडूंची अशी वाटणी वर्षानुवर्षं करणारा देश तोच. तिथे त्यांच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सगळा डाव ज्याच्या हातून सुटतो तो गडी. कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला हाइझमन ट्रॉफी मिळते, 1935 पासून. (आपली आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया स्पर्धाही 1935 ची. पण आता ती कोण जिंकलं हे विद्यापीठातल्या पोरांनाही माहीत नसतं.) 1993 ची हाइझमन चार्ली वॉर्ड या क्वार्टरबॅकने जिंकली आणि व्यावसायिक फुटबॉलच्या एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. तो बास्केटबॉलही खेळायचा आणि पहिल्या फेरीत घेणार असाल तरच येतो म्हणाला होता. गेला न्यूयॉर्क निक्सकडे, बास्केटबॉल खेळायला. उलट 2000 साली 199 व्या क्रमांकावर कसाबसा घेतला गेलेला टॉम ब्रॅडी सात सुपर बोल जिंकून बसला. तिथे पैसे घेऊन हेच भाकीत करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तरी हे असं.

मार्च 2023 मध्ये त्याच अमेरिकेत मेजर लीग क्रिकेटची पहिली वाटणी झाली. उन्मुक्तला लॉस एंजेलिसने घेतलं. पण सगळ्यात पहिलं नाव पुकारलं गेलं ते हरमीत सिंगचं, 2012 च्या त्याच विश्वविजेत्या संघातल्या मुंबईच्या डावखुऱ्या फिरकीपटूचं. पुढच्या वर्षी ट्वेंटी-20 विश्वचषकासाठी अमेरिकेचा संघ निवडला तेव्हा हरमीत होता, उन्मुक्त नव्हता. आणि डॅलसला पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकायला चेंडू दिला गेला सौरभ नेत्रावळकरकडे. मुंबईकडून एकच रणजी सामना, मग कॉर्नेलची पदवी, ओरॅकलची नोकरी. 18 धावांचा बचाव करायचा होता, त्याने 13 दिल्या. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला त्याने कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं. 2012 मध्ये या तिघांपैकी कोण कुठे पोचेल असं मला विचारलं असतं, तर नेत्रावळकरचं नाव मी यादीत घेतलंच नसतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. अमेरिकेला डावखुरा वेगवान गोलंदाज हवा असेल, हे तेव्हा कुणाच्या यादीत असणार?

कोहलीला मात्र संगवान आडनाव काही सोडत नाही. 2025 च्या जानेवारीत तो दिल्लीकडून रणजी खेळायला आला, फिरोजशाह कोटला (जेटली स्टेडियम म्हणायची सवय मला अजून होत नाही) भरून गेलं, आणि रेल्वेच्या हिमांशू संगवानने त्याचा ऑफ स्टंप उडवला. सहा धावा.

सध्या आमच्या सोसायटीत, सकाळी फेऱ्या मारणाऱ्या मंडळींत, नाव घेतलं जातं प्रियांश आर्यचं. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्ली प्रीमियर लीगमध्ये त्याने एका षटकात सहा षटकार मारले. त्या डावात त्याच्या 120 आणि आयुष बदोनीच्या 165, संघाच्या 308. स्पर्धेत 608 धावा. मग जेद्दाला 30 लाखांच्या मूळ किमतीवरून पंजाबने 3 कोटी 80 लाखांना घेतला आणि एप्रिल 2025 मध्ये चेन्नईविरुद्ध 39 चेंडूंत शतक. उन्मुक्तला घडवणारे संजय भारद्वाजच त्याचेही गुरू, गंभीरचेही तेच. म्हणजे एकाच गुरूच्या हाताखालून एक विश्वचषकाचा नायक निघाला, एक लॉस एंजेलिसला गेला आणि एकाचं अजून ठरायचंय.

दिल्लीतली दुसरी मोठी किंमत वेगवान गोलंदाज मयंक यादवची. ताशी 156.7 किलोमीटर. आयपीएलचे चार सामने खेळला आणि लखनौने 11 कोटींना राखून ठेवला. पुढच्या मोसमात पाठीने दगा दिला, दोनच सामने. लखनौचं गणित चुकलं असं लोक म्हणतात. मला नाही वाटत. असा वेग विकत घेताना त्याची दुखापतही त्याच पावतीत येते आणि लखनौने ती जाणून घेतली. फक्त दुखणं मुलाच्या पाठीला, अकरा कोटी मालकाच्या खिशातून, आणि अंदाज वर्तवणारे आम्ही सगळे मोकळे.

प्रियांशबद्दल मला रोज विचारतात, तर सांगून टाकतो. बक्षीस द्यायचं असतं तर त्या ऑगस्टचं मी डोळे झाकून त्याला दिलं असतं. भारताच्या संघाचं विचाराल, तर सलामीला अभिषेक शर्मा आणि यशस्वी जैस्वाल आधीच आहेत, दोघेही त्याच्यासारखेच डावखुरे, दोघेही तरुण. त्याची जागा कधी होईल हे त्याच्या बॅटपेक्षा त्या दोघांच्या गुडघ्यांवर जास्त ठरेल. तोवर दिल्लीकडून चार दिवसांचे सामने खेळत राहा, नव्या चेंडूवर, हिवाळ्यातल्या दहाच्या धुक्यात, असं मी त्याला सांगेन. 3 कोटी 80 लाख मिळवणाऱ्या पोराने निवृत्त मास्तरचं का ऐकावं, हा प्रश्न आहेच.