कॉन्ट्रॅक्ट नोट नसेल तर सौदा करू नका

शेअर बाजारातल्या दलालांची एक तक्रार सध्या सारखी ऐकू येते. सेबीने कागदांचा डोंगर उभा केलाय, रोज अहवाल, रोज नोंदी, धंदा करायचा की कारकुनी? त्यांनी रडावे, तो त्यांचा प्रश्न आहे. आम्हाला काळजी वाटते ती आपल्या वस्तीतली पोरेही हेच बोलू लागली याची. "केवायसी, नॉमिनी, ओटीपी, कशाला एवढी कटकट? ओळखीचा एक जण आहे, व्हॉट्सॲपवर सौदा घेतो, कागद नाही की टॅक्स नाही." मित्रांनो, या ओळखीच्या माणसाच्या धंद्याला बाजारात 'डब्बा' म्हणतात. तुमचा सौदा एक्स्चेंजपर्यंत जातच नाही, त्याच्या वहीत राहतो. तुम्ही हरलात तर पैसे त्याचे, जिंकलात तर तो फोन उचलणार नाही. हा प्रकार बेकायदा आहे. त्याने पैसे बुडवले तर तुमच्या हातात दाखवायला काय असणार? एक स्क्रीनशॉट.

कागद कुणाच्या हातात आहे, हा आपल्यासाठी जुना प्रश्न आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. खते ताब्यात घेतली आणि जाळली. का? कारण सगळा कागद सावकाराकडे, आणि कुणब्याकडे फक्त अंगठा. लिहिणारा काय लिहितो हे अंगठा देणाऱ्याला कळत नव्हते. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच लेखणीच्या कारभारावर आसूड ओढला. त्याच वर्षी जुलैत मुंबईत दलालांनी आपली संघटना स्थापन केली, जिला आज आपण बीएसई म्हणतो. दंग्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जदाराला पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. कायदा पुढे किती पाळला गेला हा वेगळा विषय. पण हिशेबाची प्रत समोरच्यालाही मिळाली पाहिजे, हे तत्त्व तेव्हा कायद्यात आले. आजची कॉन्ट्रॅक्ट नोट त्याच जातकुळीची आहे.

सौदा झाल्यापासून २४ तासांच्या आत दलालाने ती दिली पाहिजे. ऑर्डर किती वाजता टाकली, सौदा किती वाजता झाला, भाव काय, दलाली किती, कर किती, सगळे त्यात असते. दलालाला ग्राहकाचे पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, प्रत्येक ग्राहकाची शिल्लक एक्स्चेंजला कळवावी लागते, पडून असलेले पैसे ठराविक मुदतीत परत करावे लागतात. यातला एकेक नियम कुणाच्या तरी बुडालेल्या पैशातून आला आहे.

कार्वीचे प्रकरण आठवा. ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राचा वापर करून त्यांचेच शेअर बँकांकडे गहाण ठेवले गेले आणि कर्जे उचलली गेली. ज्या डिमॅट खात्यातून हा उद्योग चालला, ते खाते एक्स्चेंजला दिलेल्या अहवालात दाखवलेच नव्हते. म्हणजे घोटाळ्याची सुरुवातच खोट्या कागदापासून. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने बंदी घातली आणि डिसेंबरमध्ये बहुतेक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात परत आले, कारण कुणाचे किती याच्या नोंदी डिपॉझिटरीकडे जुळवता आल्या. पुढे २०२० पासून शेअर गहाण ठेवायचे तर ग्राहकाची स्वतःची ओटीपी लागू लागली. पोरे जिला कटकट म्हणतात ती हीच.

"शेअर बाजार हा भांडवलदारांचा अड्डा, आपला काय संबंध?" असे आमच्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात. बडोद्याची नोकरी सोडून आल्यावर, सिडनहॅममध्ये प्राध्यापक होण्याआधी, बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी फर्म काढली होती. ती चालत होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. सल्ला तोच, माणूस तोच, फक्त जात कळली. त्यामुळे या बाजाराशी आपला संबंध नाही असे म्हणताना जरा जपून. संबंध होता, तो तोडला गेला.

आता आपली पोरे पुन्हा तिथे चालली आहेत, पण कशी? सप्टेंबर २०२४ च्या सेबीच्या अभ्यासानुसार फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या १ कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, तीन वर्षांत १.८ लाख कोटींहून जास्त. २०२३-२४ मध्ये यातले ४३ टक्के तिशीच्या आतले होते, आणि तीन-चतुर्थांशांहून अधिकांचे उत्पन्न पाच लाखांच्या खाली. हे आकडे निघू शकले कारण दलालांना प्रत्येक ग्राहकाची नोंद द्यावी लागते. डब्ब्यात किती पोरे बुडाली याचा हिशेब कुणाकडेच नाही.

छोट्या शहरातला छोटा दलाल या अहवालांच्या ओझ्याखाली वाकतो आणि मोठ्या ॲपवाल्या कंपन्यांचे फावते, ही तक्रार खोटी नाही. एकच माहिती तीन ठिकाणी भरायला लावत असतील तर दोन ठिकाणची बंद करा, आमची हरकत नाही. पण ग्राहकाच्या हातात पडणारा एकही कागद 'व्यवसायसुलभते'च्या नावाखाली कमी करायला आमचा विरोध राहील. उलट तो वाढावा आणि मराठीत यावा. हक्क आणि जबाबदाऱ्यांचे दस्तऐवज प्रादेशिक भाषांत उपलब्ध ठेवायचे आहेत, तरी खाते उघडताना मोबाईलवर समोर येते ते इंग्रजी, आणि खाली एक चौकोन. त्यावर टिक करणे आणि अंगठा देणे यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी अभ्यासिकेत ज्यांची खाती आहेत त्यांनी आपापली शेवटची कॉन्ट्रॅक्ट नोट घेऊन या. ओळीओळीने वाचू. ताज्या सौद्याचा क्रमांक एक्स्चेंजच्या साईटवर टाकून तो खरा आहे का हे कसे पाहायचे, आणि दलालाने दाद दिली नाही तर सेबीच्या स्कोअर्सवर तक्रार कशी करायची, हेही दाखवू. तिथे उत्तरासाठी २१ दिवसांची मुदत असते. आणि ज्यांच्याकडे नोट नाही, फक्त व्हॉट्सॲपचे मेसेज आहेत, त्यांनी तर नक्की या.

जयभीम.