बिलासारखे दिसणारे प्रत्येक पत्र बिल नसते

गेल्या महिन्यात एक जुने पेशंट आले. वय ७१, बँकेतून निवृत्त. ब्लडप्रेशर कित्येक वर्षे एका गोळीवर छान आटोक्यात होते. त्या दिवशी दोनदा मोजले, दोन्ही वेळा १६८/९८ च्या आसपास. झोप लागत नाही म्हणाले. मुलीकडे न्यू जर्सीला पाच महिने राहून परतले होते, त्यामुळे मी आधी प्रवास, बदललेल्या वेळा, चुकलेल्या गोळ्या असे विचारत बसलो. गोळ्या चुकल्याच होत्या. पण खरा प्रश्न त्यांनी उठून दाराशी गेल्यावर विचारला. (आमच्याकडे खरा प्रश्न बहुतेक वेळा दाराशीच येतो.)

"डॉक्टर, मला डिमेन्शिया सुरू झालाय का?"

मी त्यांना परत बसवले.

झाले होते ते असे. जावयांचा तिथे छोटा केटरिंगचा व्यवसाय आहे, त्याची वेबसाइट आहे. रोजची टपाल आणायचे काम काकांनी आपणहून घेतले होते. एक दिवस छापील पत्र आले. वर 'मुदत संपत असल्याची सूचना', खाली वेबसाइटचे अचूक नाव, मुदत संपण्याची अचूक तारीख, किती वर्षांसाठी किती डॉलर याचा तक्ता, आणि पैसे पाठवायला लिफाफासुद्धा. काकांनी आयुष्यभर मुदती सांभाळल्या. ते मुलीच्या मागे लागले, "अगं, नाव हातचं जाईल, आजच पाठव." तिने घाईत चेक लिहिला. जावयांना नंतर कळले की नाव ज्या कंपनीकडून घेतले होते, तिचा या पत्राशी काही संबंध नव्हता. कोणी रागावले नाही. जावई फक्त हसून म्हणाले, "बाबा, तुम्ही तर बँकेत होतात ना?" ते वाक्य काका घेऊन इथे आले.

तुम्ही म्हणाल, आरोग्याच्या ब्लॉगवर हे कशाला? तुमच्यापैकी अनेकांचे क्लास आहेत, दुकाने आहेत, मुलांच्या कंपन्या आहेत, म्हणून हे पत्र, किंवा त्याचा ईमेलमधला भाऊ, तुमच्याकडेही येऊ शकतो. आणि त्याने वाढवलेले ब्लडप्रेशर मी स्वतः मोजले आहे.

आधी यामागची रचना समजून घ्या. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, आपण कायमचे विकत घेत नाही. एक ते दहा वर्षांसाठी एखाद्या नोंदणी कंपनीकडे त्याची नोंद करतो आणि मुदत संपली की त्याच कंपनीकडे पैसे भरून ती वाढवतो. डॉट कॉमसारख्या नावांसाठी अशा कंपन्यांना मान्यता देणारी संस्था म्हणजे आयकॅन. पूर्वी प्रत्येक नोंदणीमागचे नाव, पत्ता, फोन 'हूइज' या खुल्या यादीत कोणालाही दिसायचा. २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर कायदा लागू झाल्यावर त्यातली बरीच व्यक्तिगत माहिती झाकली गेली. तरी मुदत संपण्याची तारीख अजून दिसते आणि व्यवसायाचा पत्ता बहुधा वेबसाइटवरच असतो. म्हणजे पत्रातली तारीख अचूक आहे, यावरून पत्र खरे ठरत नाही.

पत्रात खोटे काय असते? बऱ्याचदा एकही शब्द सरळ खोटा नसतो, हीच त्यातली मेख. बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेले असते की हे बिल नाही, आमच्याकडे नोंदणी हलवायचा हा प्रस्ताव आहे. म्हणजे सही करून पैसे पाठवले की तुम्ही नूतनीकरण करत नसता, तर नोंदणी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची परवानगी देत असता, तीही अनेकदा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट दराने. काही पत्रांत तर नोंदणीचा संबंधच नसतो. कुठल्याशा यादीत तुमचे नाव घालण्याचे ते पैसे असतात.

हे नवे नाही. 'डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका' या नावाने कॅनडातली एक कंपनी अशी पत्रे पाठवत असे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला कोर्टात खेचले आणि डिसेंबर २००३ मध्ये कोर्टाने ग्राहकांची अशी दिशाभूल करण्यास तिला मनाई केली. २०१४ मध्ये आयकॅनने ब्रँडन ग्रे या कॅनडातल्या नोंदणी कंपनीची मान्यता ९० दिवसांसाठी स्थगित केली, तेही अशाच फसव्या सूचनांच्या तक्रारींवरून. पत्रे काही थांबली नाहीत. नावे बदलतात, मजकूर तोच राहतो.

"पण लिहिलं होतं ना खाली!" हा बचाव मला डॉक्टर म्हणून मुळीच पटत नाही. ऑपरेशनआधी मी पेशंटला चार पानी फॉर्म दिला, धोका तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिला आणि सही घेतली, तर ती संमती धरायची का? आमच्याकडे कागदावर काय छापले होते एवढ्यावर भागत नाही, पेशंटला काय समजले हेही पाहावे लागते. ज्या कागदाची सगळी मांडणी माणसाचा गैरसमज व्हावा म्हणूनच केली आहे, त्यावरच्या सहीला संमती म्हणू नये. कायद्याने काय म्हणायचे ते म्हणो, मी त्याला फसवणूक म्हणतो. आणि दोष वाचणाऱ्याचा नाही, मांडणी करणाऱ्याचा आहे.

या पत्राला मूर्ख माणूस नकोच असतो. त्याला हवा असतो वेळेवर बिल भरणारा, थकबाकीची लाज वाटणारा, दुसऱ्याचे काम आपले समजणारा माणूस. म्हणजे काकांसारखा.

आता त्यांचा प्रश्न. एकदा चलाख पत्राला फसणे म्हणजे डिमेन्शिया नव्हे. काकांना पत्राचा रंग, रक्कम, तारीख, लेकीशी झालेले बोलणे सगळे तपशीलवार आठवत होते. तरीही मी काही प्रश्न विचारले, कारण पैशांच्या व्यवहारातला गोंधळ हे स्मृतिभ्रंशाचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. तेच बिल दोनदा भरणे आणि भरल्याचे न आठवणे, वर्षानुवर्षे स्वतः सांभाळलेला हिशेब अचानक न जमणे, मोजताना सुटे पैसे गोंधळात टाकणे, एकामागून एक अनोळखी माणसांना पैसे देत राहणे, असे घरात कोणाचे होत असेल तर हसण्यावारी नेऊ नका आणि रागावूही नका, तपासून घ्या. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, एखादे औषध अशी उपचार करता येण्याजोगी कारणेही त्यामागे निघतात. काकांमध्ये यातले काही नव्हते. लाज होती, आणि लाजेपोटी आठवडाभर लागलेली नव्हती ती झोप.

असे पत्र आलेच तर त्यावरच्या फोनवर किंवा लिंकवर जाऊ नका. नाव जिथून घेतले, त्या कंपनीच्या खात्यात स्वतः लॉगइन करून तारीख पाहा. आयकॅनच्या नियमानुसार डॉट कॉमसारख्या नावासाठी तुमच्या कंपनीने मुदतीच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी आठवण द्यायची असते. खात्यात डोमेन 'लॉक' करून ठेवा आणि नोंदणी हलवण्याचा कोड कोणालाही देऊ नका. मग नुसत्या चेकवर नाव सहसा हलत नाही. पैसे गेले असतील तर त्याच दिवशी बँकेला किंवा कार्ड कंपनीला कळवा. भारतातून ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार करता येते आणि पत्र टपालाने आले असेल तर टपाल खात्याच्या तपास विभागाकडेही.

उलटी चूकही होते. एकदा हात पोळला की लोक खऱ्या सूचनाही फाडून टाकतात, आणि मग नाव खरोखर जाते, त्यावरचे ईमेलही बंद पडतात.

काका तीन आठवड्यांनी पुन्हा आले. गोळी नियमित, १३६/८४. चेक वटण्याआधीच मुलीने बँकेला सांगून थांबवला होता, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते! निघताना पुन्हा दाराशी थांबले.

"डॉक्टर, तुमच्या ब्लॉगची मुदत कधी संपते?"

मला सांगता आले नाही. रात्री शोधले. अकरा दिवस उरले होते, आणि नोंदणी कंपनीची आठवण मी दोन वर्षांत न उघडलेल्या ईमेलवर पडून होती.