आसावरी कुणाची?

पाळी सुटल्यावर फोर्टातल्या फुटपाथवर एक फाटकं पुस्तक घेतलं. रागमाला. म्हंजे रागांची चित्रं. गोदीत गोण्या वाहणाऱ्या दहावी पास माणसाला राग कशाला पायजेत? दोस्तहो, तेच सांगतो.

हिशेब असा. 6 राग, ते नवरे. एकेकाला 5 रागिण्या, त्या बायका. झाली 36 चित्रं. पुढं काहींनी पोरंही जोडली. ज्या देशात माणूस जन्मताच उतरंडीत बसवतात, तिथं सूर तरी मोकळा कसा सुटंल?

पानं उलटली. महाल, गच्च्या, झोपाळे, गोऱ्या बायका. तोडी वीणा घेऊन हरणांत उभी. भैरवी पिंडीपुढं. आणि मधेच ही आसावरी. काळी. खडकावर बसलेली, कमरेला पानं नायतर मोरपिसं. हातात पुंगी. चंदनावरचे साप उतरून तिच्याकडं येतायत आणि ही बाई भीत नाही.

अभ्यासक तिचं नाव शबरांशी जोडतात. शबर म्हंजे रानातले लोक. तसंच गुर्जरी गुर्जरांची, अहिरी अहिरांची. धून रानातून आली, गोठ्यातून आली. दरबारानं ती घेतली, वर शास्त्र चिकटवलं. धूनवालीला मात्र डोंगरावरच ठेवलं. चित्रात जागा, महालात नाही.

आणि रंगवणारे? 1605 साली मेवाडात चावंडला निसारुद्दीननं रागमाला रंगवली, त्याचं नाव टिकलं. बाकी कितीकांचं गेलं. खारीच्या केसांचा कुंचला, हरताळ, हिंगूळ, नीळ. मग चित्र पालथं घालून अकीकाच्या दगडानं घोटायचं, चकाकी येईस्तोवर. ही मेहनत मला कळते. गोणी वाहणाऱ्याचं नाव गोणीवर नसतं.

विसाव्या शतकात भातखंड्यांनी हा नवरा-बायकोचा संसार मोडला, 10 थाट मांडले. त्यात एक थाट आसावरी. आता गंमत बघा. राजदरबाराचं नाव मिरवणारा दरबारी कानडा याच थाटात मोजतात. जिला महालात घेतली नाही, तिच्या नावाखाली दरबार उभा!

काळ्या घोड्याजवळच्या संग्रहालयात लघुचित्रं आहेत. जा. रसिकासारखी मान डोलवू नका. धून कुणाची, हात कुणाचे, विचारा.

माझ्या पुस्तकात चित्राखाली छापलंय, अमुक रागाची पत्नी. मी पेनानं ते खोडलं. लिहिलं: ही कुणाची बायको नाही. धून हिची आहे.