शंभर वर्षांचे पाणी

ॲरिझोनातील फीनिक्समध्ये वर्षाकाठी जेमतेम 180 मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही या वाळवंटी शहराभोवती आखीव उपनगरांची माळ उभी राहिली. 1960 साली डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने कापसाच्या शेतांवर वसवलेले सन सिटी हे त्यांतले सर्वात गाजलेले. निवृत्तांची दुपार कशी जाईल, गॉल्फ कुठे खेळतील, याचा त्या आराखड्यात बारकाईने विचार होता. पाणी मात्र गृहीत धरलेले. ते जमिनीखाली होतेच.

उपसा हाताबाहेर गेल्यावर 1980 साली भूजल कायदा आला. शंभर वर्षे पुरेल इतके पाणी दाखवा, मगच वसाहतीचे भूखंड विका, अशी त्याची अट. इतका दूरचा विचार करणारा कायदा विरळाच! पण 1993 साली त्यातून एक वाट काढण्यात आली. बिल्डरने वसाहत एका पुनर्भरण संस्थेची सभासद करायची; घरांनी आपल्या पायाखालचे पाणी उपसायचे आणि संस्थेने तेवढेच पाणी त्याच खोऱ्यांच्या पट्ट्यात, पण वाटल्यास कित्येक मैल दूर, जमिनीत सोडायचे. जमाखर्च जुळतो. विहिरीची पातळी मात्र जमाखर्च वाचत नाही.

जून 2023 मध्ये राज्याने हिशेब पुन्हा मांडला. येत्या शंभर वर्षांत भूजलाची सुमारे चार टक्के मागणी भागणार नाही, असे दिसले आणि केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना परवानगी थांबली. बकाय, क्वीन क्रीक यांसारख्या कडेच्या गावांना याचा फटका बसला. चार टक्क्यांसाठी एवढा गहजब कशाला, असे बिल्डर म्हणतात. मला ही बंदी योग्य वाटते. उलट ती अपुरी होती. कारण सहापेक्षा कमी भूखंड पाडले तर शंभर वर्षांची अट लागूच होत नाही. रिओ व्हर्डे फूटहिल्समधली घरे अशीच तुकड्यातुकड्यांनी उभी राहिली. 1 जानेवारी 2023 रोजी शेजारच्या स्कॉट्सडेलने टँकरचे पाणी तोडले, तेव्हा तिथल्या शेकडो कुटुंबांना आपण नेमके काय विकत घेतले होते ते कळले.

2025 च्या नव्या कायद्याने शेतीचे पाणी सोडून देऊन त्या जमिनीवर घरे बांधायची मुभा दिली आहे. कापसापेक्षा किंवा लसूणघासापेक्षा घरांना पाणी कमी लागते, हा त्यामागचा युक्तिवाद खोटा नाही. पण टंचाईच्या वर्षी शेतकरी रान पडीक ठेवू शकतो. हजार घरांच्या वसाहतीने अशा वर्षी काय करायचे, हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले मला आढळले नाही.