फौजी आजोबांची पेन्शन : एकदा कागद उलगडून पाहा

आपल्या घरी निवृत्त फौजी असतील, तर हे चित्र परिचयाचे वाटेल. तोफखान्यातील नोकरीत ऐकू येणे कमी झाले, सीमेवर गुडघा दुखावला. तरीही पूर्ण मुदतीची सेवा करून ते सन्मानाने घरी परतले. आज उठता-बसता आधार लागतो. पेन्शन मात्र नियमित जमा होते, म्हणून कोणी कागद उलगडून पाहत नाही. या पंधरवड्यात तेवढे अवश्य करावे.

अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात : एक केलेल्या सेवेचा, दुसरा सेवेमुळे जडलेल्या वा सेवेत बळावलेल्या व्याधीचा. हा दुसरा भाग केवळ मुदतीपूर्वी घरी पाठविलेल्या जवानांसाठी असतो, असा समज आढळतो; तो बरोबर नाही. सेवामुक्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने किमान २० टक्के अपंगत्व नोंदविले असेल आणि ते सेवेशी निगडित मानले असेल, तर पूर्ण मुदत भरलेल्यांनाही तो मिळू शकतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याचा लाभ त्यांनाही दिला : ५० हून कमी असल्यास ५०, ५० ते ७५ असल्यास ७५ आणि त्यापुढे १०० टक्के.

उदाहरण घेऊ. १०० टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. वेतन ४०,००० रुपये व अपंगत्व ३० टक्के असेल, तर दरमहा ३,६०० रुपये होतात. तेच ५० टक्के धरल्यास ६,०००. औषधपाण्याच्या खर्चात हा फरक लहान नव्हे. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत, येथील विवेचन त्याआधी निवृत्त झालेल्यांसाठी आहे.)

प्रथम पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, पाहावा. त्यात अपंगत्वाचा भाग व टक्केवारी आहे काय, हे तपासावे. वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत घरी नसल्यास रेकॉर्ड ऑफिसकडे मागावी. ‘व्याधीचा सेवेशी संबंध नाही’ असे उत्तर पूर्वी आले असले, तरी निराश होऊ नये. भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद नव्हती, ती सेवेमुळे जडली असे सर्वसाधारणपणे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह प्रकरणात म्हटले आहे. अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे मार्गदर्शन घ्यावे. दाद मागण्यासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई येथे खंडपीठ आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. अपंगत्व १०० टक्के असून कायम मदतनीस लागतो, असे वैद्यकीय मंडळाने नमूद केल्यास त्यासाठी स्वतंत्र भत्ता मिळतो. हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर द्यावा, हे तर सांगावयास नकोच.

कोणत्या ठाण्यावर, कोणत्या वर्षी, काय दुखावले, हे आज केवळ आजोबांनाच ठाऊक असते. त्यांची स्मृती शाबूत आहे तोवर शेजारी बसून ते लिहून घ्यावे.