चढ लपवणारे नकाशे

सायकलचा मार्ग आखून देणाऱ्या ॲपांनी 'अंतर ४२ किलोमीटर, एकूण चढ ६०० मीटर' असली ओळ दाखवून मोकळं होणं आता थांबवावं. हे ६०० मीटर वीस किलोमीटरवर पसरलेत की शेवटच्या सहा किलोमीटरमध्ये कोंबलेत, यावर माणूस सायकलवर बसून वर पोचणार की ती ढकलत, हे ठरतं. नेमकं तेच या ओळीत नसतं.

सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरा, वेग ताशी ८ किलोमीटर. चार टक्के चढावर नुसतं वर जायला साधारण ७५ वॅट लागतात, बारा टक्क्यांवर सव्वादोनशेच्या आसपास. पहिलं काम कुठल्याही धडधाकट माणसाला जमतं, दुसऱ्यात सराव नसलेल्याचा दम काही मिनिटांत निघतो. तरी आमच्या हातात सरासरी ठेवतात. अर्धा किलोमीटर सपाट आणि अर्धा बारा टक्के, की ॲप 'सहा टक्के' म्हणून मोकळं. असा सहा टक्क्यांचा रस्ता तिथे नाहीच! शेजारचा उंचीचा आलेख तर आणखी फसवा. त्याची उभी पट्टी मार्गागणिक ताणली जाते, त्यामुळे शहरातला उड्डाणपूल आणि ताम्हिणी घाट सारखेच उंच दिसतात.

रेल्वेला हे कधीच कळलं होतं. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटातल्या लोहमार्गाचा चढ ३७ला १, म्हणजे जेमतेम २.७ टक्के. तेवढ्यासाठी कर्जतला गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात आणि चढ बदलेल तिथे रुळाशेजारी फलक उभा असतो. हजारो अश्वशक्ती हाताशी असलेल्या चालकाला चढ कळवायचा आणि दोन पायांच्या जोरावर निघालेल्याला अंधारात ठेवायचं, हे मला संतापजनक वाटतं.

मिशेलिनच्या छापील नकाशांत रस्त्याच्या रेषेवरच बाणाची टोकं असतात: पाच ते नऊ टक्क्यांना एक, तेरापर्यंत दोन, त्यापुढे तीन. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवरही असे बाण आहेत. कागदावर जमलेली गोष्ट फोनच्या पडद्यावर का जमू नये?

उत्तर ठरलेलं: विदा कच्ची आहे. आहेच. उंचीची पुष्कळ माहिती फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर यानाने रडारने टिपली, साधारण तीस मीटरला एक नोंद. डोंगर कापून काढलेल्या घाटरस्त्यावर नोंद पंधरा मीटर सरकली तर हाती रस्त्याऐवजी कड्याची उंची लागते. बोगद्यावर डोंगर मोजला जातो, गर्द झाडीत शेंडे. हे खोटे चढ घालवायला सगळंच गुळगुळीत करतात आणि त्यात चौदा टक्क्यांचा खरा टप्पाही पुसला जातो. मग तसं लिहा ना नकाशावर! भरवसा नाही तो तुकडा राखाडी रंगवा. पूल आणि बोगद्यांच्या खुणा ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आहेत. त्यांच्या दोन टोकांच्या उंचीत सरळ रेषा ओढा. रस्त्याचा चढ टक्क्यांत नोंदवायची सोयही तिथे आहे, ती वापरा.

आणि प्रश्न एकट्या चढाचा नाही. भर पावसात ताम्हिणीतून कोकणात उतरणाऱ्याच्या रिम ब्रेकची रबरं ओल्या रिमवर नीट धरत नाहीत. पुढच्या वळणाआधी उतार किती तीव्र होणार, हे त्याला वर असतानाच कळलं पाहिजे.