तांडेलाचा नकार

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे कोल्हापुरांतील कितीतरी कुटुंबें घाट उतरून समुद्राकडे धांव घेतात. कोणी गगनबावड्याच्या वाटेनें, तर कोणी राधानगरीवरून फोंड्याच्या घाटानें, आप्त व इष्टमित्र यांसह मालवण, देवगड किंवा वेंगुर्लें गांठतात. आणि तेथें पोंचल्यावर लहानथोरांस एकच ध्यास लागतो, तो होडींत बसण्याचा. हा ध्यास चांगला आहे, असें आमचें मत आहे. आपल्या मुलांनीं सुटीचे दिवस मोबाईलमध्यें डोकें खुपसून घालवूं नयेत, असें ज्या पालकांस वाटतें, त्यांनीं त्यांस अवश्य समुद्रावर न्यावें. परंतु अशा पर्यटनाचा जो मुख्य लाभ, तो बहुतेकांच्या पदरांत पडत नाहीं, अशी आमची तक्रारहि आहे. होडीबरोबर आपण समुद्रहि भाड्यानें घेतला, अशा समजुतीनें पुष्कळ मंडळी होडींत पाय ठेवतात. होडी हांकणारा तांडेल त्यांस केवळ पैशाचा चाकर वाटतो. आम्हांस येथें इतकेंच सांगावयाचें आहे कीं, होडीवर अधिकार त्याचाच असतो. आणि प्रसंगीं त्याच्या तोंडून निघणारा 'नाहीं' हा शब्द मुलांस जें शिकवितो, तें दुसऱ्या कशानेंहि शिकवितां येणार नाहीं.

आपण घाटावरचे लोक. आपला समुद्राशीं संबंध काय, असें कोणी म्हणेल. परंतु आपला इतिहास तसें म्हणत नाहीं. 1664 सालीं शिवाजी महाराजांनीं मालवणच्या समुद्रांत ज्या सिंधुदुर्गाचा पाया घातला, तो पुढें करवीरच्या छत्रपतींच्या ताब्यांत होता. 1765 सालीं इंग्रजांनीं तो घेऊन त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असें नांव दिलें, परंतु पुढच्याच वर्षीं तो त्यांस परत करावा लागला. आणि 1812 सालच्या तहानें मालवण त्यांच्या हातीं गेलें, तेव्हां कोल्हापूरचा समुद्र तुटला. 1852 सालीं कोल्हापुरांत मिशनच्या कार्याचा आरंभ करणारे रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे या देशांत आले, त्या काळीं सुएझचा कालवा नव्हता. शिडाच्या जहाजानें आफ्रिकेस वळसा घालून महिनोगणती प्रवास करावा लागे. कोंकणांतील माणूस मुंबईस जाई तो आगबोटीनें. त्या पिढ्यांस वारा, भरती व ओहोटी यांची दखल घेतल्यावांचून गत्यंतर नव्हतें. 26 जानेवारी 1998 रोजीं कोंकण रेल्वे सर्वत्र खुली झाली, रस्तेहि रुंद झाले, आणि समुद्र हा मार्ग न राहतां केवळ देखावा होऊन बसला. देखाव्यास कोणी भीत नाहीं, आणि देखावा 'नाहीं' असें म्हणत नाहीं.

गेल्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत आमचें व स्नेह्यांचीं अशीं चार कुटुंबें मुलाबाळांसह मालवणास गेलीं होतीं. तेथून समुद्रमार्गें दक्षिणेस निवतीपर्यंत जावयाचें असा बेत होता. इंजिन असूनहि शीड बाळगणाऱ्या होड्या आतां थोड्याच राहिल्या आहेत. परंतु आम्हांस एक गाबीत तांडेल भेटला, तो वयानें साठीच्या घरांतील होता व शिडावर त्याचें प्रेम होतें. आमचीं सोळा माणसें पाहून त्यानें दुसरी होडी ठरवावयास लाविली. एकींत दाटीवाटीनें सर्वांस घेण्याची गोष्ट निघतांच त्यानें नुसती मान हलविली.

पहांटे आम्ही निघालों, तेव्हां जमिनीकडून मंद गार वारा वाहत होता. शीड भरलें, इंजिन बंद झालें, आणि मुलें आपण होऊन गप्प झालीं. तारकर्ली, देवबाग, कर्लीच्या खाडीचें मुख हीं एकामागून एक डाव्या हातास मागें पडलीं. पुढें सूर्य वर आला, वारा मंदावला, आणि शीड काठीवर ओल्या धोतराप्रमाणें लोंबूं लागलें. मुलांनीं इंजिन लावण्याविषयीं आग्रह धरला, तांडेल म्हणाला, "रवा." तो खाली बसून विडी ओढीत राहिला. तासाभरानें समुद्राकडून वाऱ्याची झुळूक आली, पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या, आणि शीड पुन्हां फुगलें. रात्रीं जमीन लवकर निवते म्हणून मतलई वारा तिच्याकडून समुद्राकडे जातो; दिवसा जमीन लवकर तापते म्हणून खारा वारा समुद्राकडून तिच्याकडे येतो; हा पाठ आमच्या बरोबरच्या मुलांपैकीं तिघांस तोंडपाठ होता. परंतु दोन वाऱ्यांच्या मध्यें एक निवांत घटका असते, आणि त्या घटकेस वाट पाहण्यावांचून दुसरें कांहीं करतां येत नाहीं, हें त्यांस त्या दिवशींच कळलें. पुस्तकांत ती घटका छापलेली नसते.

तिसऱ्या दिवशीं निवतीहून वेंगुर्ल्याच्या खडकांकडे जाण्याचें ठरलें होतें. भर समुद्रांत उभ्या असलेल्या त्या खडकांवर दीपगृह आहे, व तेथील गुहांत पाकोळ्या घरटीं करतात. मुलें पहांटेपासून तयार होती. आकाश निरभ्र होतें. वाराहि फारसा नव्हता. तरी तांडेल किनाऱ्यावर उभा राहून बराच वेळ पश्चिमेकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "आज जावचा नाय." कारण विचारतां त्यानें हातानें लाटा दाखविल्या. वारा नसतांनाहि लांबवरून संथ, उंच लाटा येत होत्या. आमच्या एका स्नेह्यानें दुप्पट भाडें देऊं केलें. तांडेल म्हणाला, "पैशाचो प्रश्न नाय, साहेब. दर्या बरो नाय." इतकें बोलून तो जाळें घेऊन सावलींत बसला. मुलांची निराशा झाली. कांहीं मोठ्यांची त्यांच्याहून अधिक झाली.

त्या दिवशीं वादळ झालें नाहीं. दुसरी एक होडी बाहेर गेली आणि तिसऱ्या प्रहरीं सुखरूप परत आली. "पाहा, उगाच दिवस फुकट गेला," असें आमचे ते स्नेही म्हणाले. वाचकहो, या ठिकाणींच आमचा त्यांच्याशीं मतभेद आहे. अनर्थ घडला तरच नकार खरा, असें मानूं लागलों तर खरा तांडेल आपणांस कधींच ओळखतां येणार नाहीं. कारण योग्य वेळीं दिलेला नकार अनर्थ घडूंच देत नाहीं, आणि म्हणून त्याचा पुरावा मागें उरत नाहीं. एक होडी परत आली, एवढ्यावरून तें जाणें शहाणपणाचें होतें असें सिद्ध होत नाहीं. डोळे मिटून रस्ता ओलांडणाराहि एखादे वेळीं पलीकडे पोंचतोच.

मग विश्वास कशावर ठेवावा? आमच्या मतें याची कसोटी सोपी आहे. त्या दिवशीं तांडेलानें दोन होड्यांचें भाडें सोडलें. हंगामाचे तीनच आठवडे उरले होते. पुढें होड्या ओढून घेऊन शाकारावयाच्या, आणि पावसाळ्याचे महिने सांठविलेल्या पैशावर काढावयाचे. 'चला' म्हणण्यांत त्याचा लाभ होता, 'नाहीं' म्हणण्यांत तोटा. जो शब्द बोलणाऱ्याच्याच पदरास खार लावतो, त्या शब्दावर अधिक विश्वास ठेवावा.

येथें पवित्र शास्त्राचा अभ्यास करणारा एखादा विद्यार्थी आम्हांस अडवील, व त्यानें अडवावेंच. प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायांत पौलाच्या जलप्रवासाची हकीकत आहे. प्रवासाचा काळ टळून गेला होता, उपासाचा दिवसहि मागें पडला होता. क्रेत बेटाच्या एका बंदरांत पौलानें पुढें न जाण्याविषयीं सांगितलें. परंतु शताधिपतीनें बंदिवान पौलाचें न ऐकतां तांडेल व तारवाचा धनी यांचें ऐकलें. तारूं निघालें, वादळांत सांपडलें, आणि मिलिता बेटापाशीं फुटलें. 276 माणसें होतीं तीं सारीं वांचलीं, परंतु तारूं व माल गेला. तेव्हां, 'तांडेलाचें ऐका' हा उपदेश तेथें खोटा ठरला नाहीं काय?

आम्हांस वाटतें, ती हकीकत आमच्याच बाजूची साक्ष देते. तेथें तांडेल व धनी यांनीं होकार दिला होता. तारूं गव्हानें भरलेलें होतें, आणि तें बंदर हिंवाळा काढण्यास सोयीचें नव्हतें. म्हणजे पुढें जाण्यांत त्यांची सोय होती. पौलाला मात्र नकार देऊन कांहींहि मिळावयाचें नव्हतें. यावरून आम्ही असा नियम काढतों: तांडेलाचा नकार मुकाट्यानें मानावा, आणि त्याचा होकार तपासून घ्यावा. आजहि किनाऱ्यावर सारेच आमच्या तांडेलासारखे नसतात. नकार द्यावयाचें ज्याच्या जिवावर येतें, असा होडीवाला भेटतो. आणि त्याची ती संवय आपणच, दुप्पट भाडें दाखवून, लाविलेली असते, हेंहि विसरूं नये.

ही केवळ कल्पना नव्हे. 17 जुलै 1947 रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट भर पावसाळ्यांत बुडाली, आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ती तर आगबोट होती. 24 मे 2022 रोजीं तारकर्लीजवळ पर्यटकांस घेऊन परतणारी एक नौका किनारा जवळ असतांना उलटली व दोघांचा अंत झाला. मेच्या मध्यासहि समुद्राचा भरंवसा नसतो. 2021 सालीं तौक्ते नांवाचें चक्रीवादळ त्याच दिवसांत कोंकण किनाऱ्यालगत वर सरकलें. वादळ दूर असतांनाच त्याच्या लाटा पुढें येऊन पोंचतात. वारा नसतांनाहि उंच लाटा पाहून तांडेल थबकतो, त्याचें कारण हेंच. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत आपल्या राज्यांत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते, व जुन्या रीतीप्रमाणें नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्यावरच कोळी समुद्रांत नाव लोटतात. ज्यांचें पोट समुद्रावर आहे, ते दोन महिने थांबतात. आपणांस मात्र एक दिवस थांबवत नाहीं.

तेव्हां पालकांस आमची विनंति तीन गोष्टींची आहे. पहिली ही कीं, समुद्रावर जावयाचें तर मेच्या पहिल्या पंधरवड्यांत व शक्य तों सकाळीं जावें. दुसरी, होडींत किती माणसें बसावयाचीं हें तांडेलानें ठरवावें, आणि प्रत्येकानें लाईफ जॅकेट अंगांत घालावें. तें बाकाखालीं ठेवावयाचें नसतें. "आमचा मुलगा रंकाळ्यांत पोहतो," असें सांगणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. रंकाळ्यास भरती नाहीं. पंचगंगेस ओढ आहे, पण ती एकाच दिशेस. समुद्राची ओढ दर घटकेस बदलते.

तिसरी विनंति अधिक महत्त्वाची वाटते. होडी ठरवितांनाच तांडेलास सांगावें कीं, "तूं उद्यां 'नाहीं' म्हणालास तरी अर्धें भाडें तुझें." कोणी म्हणेल, न केलेल्या कामाचे पैसे कां द्यावे? आम्ही म्हणतों, काम झालेलें असतें. त्यानें आकाश पाहिलें, लाटा मोजल्या, चाळीस वर्षांचा अनुभव तुमच्या मुलांसाठीं खर्च केला. तुम्हांस केवळ त्याचें उत्तर आवडलें नाहीं. ज्याला नकाराबद्दल दंड भरावा लागत नाहीं, तोच निर्भयपणें नकार देऊं शकतो. आम्हीं त्या दिवशीं अर्धें भाडें दिलें. तांडेल तें घेईना. त्याच्या नातवाच्या हातीं तें ठेवावें लागलें.

विद्यार्थ्यांसाठीं आणखी एकच शब्द. शाळेंत तुम्ही ज्यांचें ऐकतां, त्यांच्या नांवापुढें पदव्या असतात. होडींत तुम्ही अशा माणसाचें ऐकाल, ज्यानें कदाचित् चौथींतच शाळा सोडली असेल. आणि तुमचे वडील, मग ते वकील असोत कीं डॉक्टर, त्यांनाहि त्याचें ऐकावें लागेल. ज्ञान कोणाच्या घरीं राहतें हें तेथें तुम्हांस समजेल. आपल्या प्रभूनें पहिले शिष्य निवडले ते पेत्र, आंद्रिया, याकोब व योहान हेहि कोळीच होते. म्हणून या सुटींत समुद्रावर जा. तांडेल 'चला' म्हणाला तर जॅकेटच्या गांठी घट्ट बांधून आनंदानें बसा. 'नाहीं' म्हणाला तर कुरकुर न करतां वाळूंत खेळा, त्याच्याजवळ बसून जाळें कसें विणतात तें पाहा. आणि वडिलांनीं त्याचें अर्धें भाडें दिलें कीं नाहीं, याची विचारपूस अवश्य करा.